पाठ टेकण्याची विद्या

आमच्या तात्यांची पाठ जमिनीला टेकलेली घरात कुणीही पाहिली नव्हती. ते कुशीवर झोपत, बहुधा उजव्या. कूस बदलायची वेळ आली की झोपेतच पालथे होत आणि मग सावकाश डाव्या कुशीवर येत. छताकडे तोंड करून निजणे हा त्यांच्या लेखी मनुष्यजातीचा पराभव होता. एकदा पोटात कळ आली म्हणून आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली, तर तपासणीच्या टेबलावर ते उताणे होईनात. "बसून तपासा की," ते म्हणाले, "पोट काय पळून जातंय?" डॉक्टरांनी त्यांना बसवूनच तपासले, आणि बाहेर येऊन आईला हळूच विचारले, "यांच्या पाठीला जुनी काही दुखापत आहे का?" आई म्हणाली, "पाठ ठणठणीत आहे हो. पाठीचा अभिमान तेवढा नाजूक आहे."

तात्या कुस्तीचे वस्ताद होते, आणि कुस्तीत पाठ टेकली की सगळे संपते, एवढे मला अक्षरे गिरवण्याच्या आधीपासून ठाऊक होते. तरुणपणी जत्रांच्या फडांत त्यांनी किती कुस्त्या मारल्या हे ते सांगत नसत. पण एकदाही पाठीला माती लागली नाही, हे मात्र कुणी विचारले नाही तरी सांगत. डोंबिवलीत त्यांची तालीम होती. म्हणजे जागा एका व्यायाम मंडळाची आणि जीव तात्यांचा. तिथल्या हौद्यातल्या लाल मातीत ते ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर कालवीत. एखादी सुगरण जितक्या निगुतीने पुरणाकडे पाहते तितक्या निगुतीने तिच्याकडे पाहत. ते घरी परतत तेव्हा जिन्यात त्यांच्या आधी त्यांचा वास येई, जणू कुणी लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडली आहे. शाळेत कवितेच्या तासाला मातीचा सुगंध भेटला की मी बुचकळ्यात पडत असे. कवींच्या मातीला अत्तराचा दरवळ होता. माझ्या ओळखीच्या मातीला कढीचा वास होता.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पहाट उजाडत नसे, ती मोजली जाई. आधी तात्यांच्या श्वासाचा खोल हुंकार, मग बैठकांची लय, मग जोर काढताना लादीवर घासणाऱ्या तळव्यांची खरखर. तोवर आतून पाट्यावर बदाम आणि खसखस वाटणाऱ्या आईच्या वरवंट्याचा घरंगळता सूर त्यात मिसळे. भिजवलेल्या हरभऱ्यांना अंधारात कोंब फुटत असत आणि मला वाटे, तो आवाजही मला ऐकू येतो. पाचवी शंभरी पुरी झाली की खालच्या मजल्यावरून तिसराच आवाज येई. तो लेलेकाकांचा. आमच्या बैठकांनी त्यांच्या छताचा गिलावा सुटत असे आणि नेमका चहात पडत असे. "वस्ताद," ते खिडकीतून वर तोंड करून म्हणत, "आजचा चहा जरा घट्टच झालाय!" तात्या खिडकीत जाऊन अदबीने नमस्कार करीत आणि उरलेल्या बैठका चवड्यांवर, मांजरीच्या पावलांनी मारीत. ब्याण्णव किलोंची मांजर.

हेच लेलेकाका व्यायाम मंडळाचे चिटणीस होते. एका संध्याकाळी ते वर आले, बसले, आणि आईने दिलेल्या चहात सवयीने आधी बोट फिरवून मगच प्याले, तेव्हाच काही तरी बिनसले आहे हे मला कळले.

"वस्ताद, मंडळानं ठरवलंय," ते म्हणाले, "माती काढायची. गादी अंथरायची. ज्युदो सुरू करायचा. शाळांच्या स्पर्धांत आता तोच आहे. आणि पालकांना पोरं पांढऱ्या कपड्यांत हवीत हो, लंगोटात नकोत."

तात्या शांतपणे म्हणाले, "मग शिकवू ज्युदो. नाव परदेशी आणि कपडा जास्त, एवढाच फरक."

"शिकवायला सर्टिफिकेट लागतं. दोन महिन्यांनी ठाण्याला, वर्तकनगरात परीक्षा आहे. तुम्ही पास झालात तर तालीम तुमचीच, मातीचा हौदाही एका बाजूला राहू देऊ." लेलेकाकांनी कप खाली ठेवला. "नाही झालात तर हॉल लग्नकार्यांना द्यायचा, असा ठराव आहे. हौद्याच्या जागी आचाऱ्याची भट्टी येईल म्हणतात."

"माझ्या मातीत बुंदी पाडणार?" तात्यांनी विचारले. एवढेच. त्यानंतर ते खिडकीपाशी जाऊन बराच वेळ उभे राहिले, आणि त्यांची ती रुंद, कोरी, कधीही न मळलेली पाठ आमच्याकडे होती.

लेलेकाकांनीच वाचनालयातून ज्युदोचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिले. मी तेव्हा पंधरा वर्षांची, अडतीस किलो वजनाची, वहीच्या मागच्या पानांवर चोरून कविता लिहिणारी मुलगी होते. घरात इंग्रजी मलाच येत असल्यामुळे भाषांतराचे काम माझ्याकडे आले, आणि आयुष्यातला पहिला वाचक म्हणून मला एक पहिलवान लाभला. यापेक्षा कठोर समीक्षक पुढे मला विद्यापीठातही भेटला नाही.

"पहिलं प्रकरण," मी वाचले, "पडण्याची कला."

"पुढचं वाच."

"पुढचंही पडण्याचंच आहे, तात्या. मागं पडणं, बाजूला पडणं, गडगडत पडणं..."

"मग एकदम शेवटचं वाच. जिंकायचं कुठं आहे ते."

पण पुस्तक ऐकायला तयार नव्हते. ज्याला नीट पडता येत नाही त्याने दुसऱ्याला पाडू नये, असे त्यात पहिल्याच पानावर लिहिले होते. पाठ गोल करावी, हनुवटी छातीशी घ्यावी, आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हातांनी जमिनीवर चापट मारावी, म्हणजे पडण्याचा मार हात वाटून घेतात. हे रूक्ष वाक्य मला सोसवले नाही. मी वाचले, "जसे शिशिरात झाडाचे पान अलगद भूमीवर उतरते..."

"कुठल्या झाडाचं?" तात्यांनी विचारले.

"कुठल्याही. पान हो, तात्या."

"असं कसं? चिंचेचं पान निराळं पडतं, फणसाचं निराळं. आणि नारळाची झावळी पडली तर खालचा माणूस मरतो. वजन सांग, वजन."

मी उपमा खोडली. आजही एखादी प्रतिमा फार सहज सुचली की मला त्यांचा आवाज ऐकू येतो, आणि निम्म्या ओळी मी त्या आवाजाच्या भीतीने कापल्या आहेत.

डाव कळायला त्यांना वेळ लागला नाही. चित्र पाहताच ते आनंदाने मांडीवर थाप मारीत: "ही तर आपली टांग! आणि हा आपला धोबीपछाड, नुसता अंगरखा घालून आलाय!" धोबी जसे धुणे खांद्यावरून दगडावर आपटतो, तसा समोरच्याला पाठीवर घेऊन पुढे टाकायचा तो डाव. मात्र शब्द नुसता कानाने ऐकून त्यांना पटत नसे. तो कुणाच्या तरी अंगात उतरलेला दिसावा लागे. म्हणून मी वाक्य वाचायचे आणि मग ते वाक्य करून दाखवायचे, अशी रीत पडली. माझ्यासाठी आईने एक गादी गुंडाळून तिला सुंभाने माणसासारखी कंबर आवळून दिली. रोज तिन्हीसांजेला मी त्या वळकटीला खांद्यावरून फेकत असे. आईने तिचे नाव 'जावई' ठेवले होते. "सवय असू दे," ती म्हणे.

पण पडणे! दोन गाद्या एकावर एक अंथरून तात्या त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत. पांढऱ्या ज्युदोच्या पोशाखात ते अभ्रा घातलेल्या कपाटासारखे दिसत. मी म्हणे, एक, दोन, तीन. ते मागे झुकत, निघत, आणि जमीन एक वीत उरली की हवेतल्या हवेत गर्रकन वळून पोटावर आदळत. कधी डोके टेकवून मानेवर साऱ्या देहाची कमान करीत आणि त्या कमानीखालून आमचे मांजर निवांत चालत जाई. त्यांच्या मनाने आज्ञा दिलेली असे. पाठ ती मानीत नसे. तीस वर्षे तिला एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती फार गुणी विद्यार्थिनी होती. खाली लेलेकाकांकडे चहा मुळीच उरला नव्हता. ते आता झाकण लावून दूध पीत.

महिना असा गेला. तालमीत जाऊन तात्या हौद्याच्या कडेला बसून येत आणि मातीत कालवायला नेलेली लिंबे तशीच परत आणीत. आईने त्यांचे सरबत केले नाही. ती लिंबे तिने एका टोपलीत ठेवली आणि ती हळूहळू सुकत गेली.

अशात एका रविवारी तात्यांची थोरली बहीण आली. खाडीकाठच्या आमच्या मूळ गावी, जिथे आमच्या घराण्याने आधी मिठागरे राखली आणि मग भात पिकवला, तिथे ही आते राहत असे. तिच्या पाटीत तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची जुडी होती. बोंबील तव्यावर पडले आणि खालून लेलेकाकांच्या खिडक्या एकामागून एक, रांगेने, बंद झाल्याचे ऐकू आले. आते भाकरी मोडत गादीवरचा प्रकार पाहत होती. तात्या तीनदा पोटावर आपटले. तिच्या बोलीत पडणे म्हणजे 'परणे'.

"काय रं, परायचं शिकतंस तू?" तिने विचारले. "तुला कोन शिकवनार? बारकेपनी दुसरं काय करायचास?"

"अक्का, गप बस."

"का गप? अगो मंदा, भरती आली का ह्यो बांधावर उभा रावायचा, पान्याकडं पाठ करून. न तसाच मागं परायचा, धब्बदिशी! पोरं बोंबलायची, आई शिव्या द्यायची, न ह्यो पान्यान उताना परून हसायचा. सांज होईपावेतो परायचा. आता मोठा वस्ताद झायलाय!"

तात्यांनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी तोवर पाहिले नव्हते. एखाद्याला स्वतःचे विसरलेले नाव कुणी हाक मारून सांगावे तसे. मी वही बंद केली. माझ्या भाषांतरातली सारी उपमा-उत्प्रेक्षांची दुकाने आतेने एका वाक्यात बंद पाडली होती.

"तात्या," मी म्हणाले, "भरती आलीय."

ते गादीकडे पाठ करून उभे राहिले. डोळे मिटले. आणि मग ते गेले. मागे, सरळ, सावकाश, ब्याण्णव किलोंचा एक मुलगा. दोन्ही तळवे गादीवर असे वाजले की खाडीच्या पाण्याचा तो आवाज मी, जी कधी तिथे पोहलेही नव्हते, ओळखला. खालून लेलेकाका ओरडले, "वस्ताद, काय पडलं?" आई खिडकीतून म्हणाली, "आमचे हेच!"

(आता माझी साठी केव्हाच उलटली आहे. गेल्या वर्षी डोंबिवलीतच बँकेच्या ओल्या पायरीवरून माझा पाय निसटला, आणि मला काही कळायच्या आत पाठ गोल झाली, हनुवटी छातीशी आली, तळहात फरशीवर खाडकन वाजला. कुठे खरचटलेही नाही. धावत आलेला वॉचमन मात्र दोन पावले दूरच थांबला. आजी रागाने फरशीच्या थोबाडीत देत आहेत असे त्याला वाटले असावे.)

परीक्षेला आम्ही तिघे गेलो: तात्या, पुस्तक घेऊन मी, आणि तात्यांचा पट्टशिष्य गणपत. गणपतचा आंबिवलीला म्हशींचा तबेला होता. आमच्या घरचे दूध त्याचेच. तो धिप्पाड, हळवा आणि फार आज्ञाधारक होता. परीक्षेत प्रत्येकाने आपला जोडीदार आणायचा होता, म्हणून तात्यांनी त्याला महिनाभर तालमीत पोत्यांवर धोबीपछाड घोटवला होता. परीक्षक चष्मा लावणारे, मृदू बोलणारे, इतके किरकोळ गृहस्थ होते की तात्यांच्या एका मांडीआड लपले असते. पण कसे पडायचे हे दाखवायला ते स्वतः एकदा पडले, आणि उठले, आणि मधे काही घडल्याचा मागमूस उरला नाही. तात्या माझ्या कानात म्हणाले, "हे चिंचेचं पान." त्यांच्या तोंडून निघालेली ती पहिली आणि शेवटची उपमा.

एकट्याने पडण्याचे सगळे प्रकार तात्यांनी झकास केले. मी भिंतीपाशी उभी राहून ओठांतल्या ओठांत भरती पुटपुटत होते. मग परीक्षक म्हणाले, "आता जोडीदारानं यांना पाठीवर फेकायचं. शिकवणाऱ्याला फेकून घेता आलं पाहिजे."

गणपत पुढे आला. त्याने आधी तात्यांच्या पाया पडून घेतले. मग पकड घेतली, वळला, तात्यांना पाठीवर उचलले, सुरेख, पुस्तकातल्या चित्रासारखे. आणि तिथेच थांबला. सगळे सभागृह वाट पाहत होते. गणपतने हळूहळू गुडघे वाकवले आणि गणेशमूर्ती पाटावर ठेवावी तसे तात्यांना अलगद त्यांच्या पायांवर उभे केले.

"फेका," परीक्षक म्हणाले.

गणपतने पुन्हा पाया पडून घेतले, पुन्हा उचलले, पुन्हा तितक्याच भक्तीने ठेवले.

"अहो, हा ज्युदो नाही," परीक्षक चष्मा पुसत म्हणाले. "ही प्राणप्रतिष्ठा झाली."

"गणप्या," तात्या दातांवर दात ठेवून पुटपुटले, "फेक. माझी आज्ञा आहे."

गणपतच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "वस्ताद, म्हस अंगावर घे म्हणा, घेतो. हे नाय जमणार. वस्तादाची पाठ चेल्यानं लावली तर पाप लागंल. न आंबिवलीत कळलं, तर माझं दूध तरी कोन घेईल?"

यात हसण्यासारखे काही नव्हते, हे तिथे फक्त आम्हा तिघांना कळत होते. चेल्याने वस्तादाला चीत करायचे नाही, ही तालमीतली रीत स्वतः तात्यांनीच त्याला शिकवली होती, आणि तोही गुणी विद्यार्थी होता.

"शेवटची संधी," परीक्षक म्हणाले. "दुसरं कुणी आहे?"

तात्यांनी सभागृहभर नजर फिरवली. माझ्या डोळ्यांपुढे हौद्याच्या जागी पेटलेली भट्टी आली, झारा आला, बुंदीचे पिवळे थेंब आले. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"मंदे, पुस्तक ठेव. इकडं ये."

"वजन?" परीक्षकांनी मला विचारले.

"अडतीस किलो."

"आणि यांचं?"

"ब्याण्णव," मी म्हणाले, "उपाशीपोटी."

ते थोडे हसले आणि त्यांनी मान डोलावली. गणपतने आपला अंगरखा काढून मला दिला. त्यात माझ्यासारख्या तिघी मावल्या असत्या, आणि त्याला म्हशींचा, पेंडीचा, ऊन दुधाचा वास होता. बाह्या चार वेळा दुमडून मी तात्यांसमोर उभी राहिले. आजवर मी फक्त जावयाला फेकले होते.

"वाक्य आठव," तात्या म्हणाले.

मला आठवत होते. ते माझेच होते, आणि त्यात एकही पान नव्हते. समोरच्याचे वजन उचलू नये. त्याने टाकलेले पाऊल आपल्या पाठीवरून पुढे जाऊ द्यावे. तात्यांनी पाऊल टाकले. मी बाही ओढली, वळले, त्यांच्याखाली शिरले. क्षणभर माझ्या पाठीवर त्यांची छाती होती, लोणच्याचा तो वास होता, आणि मग वजन असे उरलेच नाही. ते माझ्या खांद्यावरून निघाले. आणि हवेत असताना मला त्यांचा दंड ताठरल्याचे जाणवले. ती जुनी, गुणी पाठ वळू पाहत होती. मांजरासारखी, पोटाकडे, अभिमानाकडे. मी त्यांची बाही सोडली नाही. दंड सैल झाला.

असा आवाज झाला की गणपतने डोळे झाकले.

तात्या गादीवर उताणे पडले होते. दोन्ही हात पसरलेले. ते उठत नव्हते. मी वाकून पाहिले तर त्यांचे डोळे टक्क उघडे होते, आणि ते कुतूहलाने वर पाहत होते.

"मंदे," ते म्हणाले, "इथं पंखे पुसत नाहीत गं."

परीक्षकांनी कागदावर काही लिहिले, मग तो कागद बाजूला ठेवला आणि तात्यांना हात देऊन उठवले. "शिकवा," ते म्हणाले. "पण आधी या तुमच्या चेल्याला पाडायला शिकवा." बाहेर आल्यावर गणपतने माझ्या पाया पडायला कंबर वाकवली, मी पळाले.

दुपारी घरी पोचलो. आईने ताटे मांडली, तर तात्या म्हणाले, "जरा थांब." त्यांनी जावयाची सुंभाची गाठ सोडली, गादी उलगडून अंथरली, तिच्याकडे पाठ करून बसले, आणि सावकाश मागे झाले. थोडा वेळ ते आमच्या घराचे छत पाहत राहिले. तिथे काय काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते: कोपऱ्यातले जाळे, ओल उतरल्याचा घोड्यासारखा डाग. "हा घोडा कधीपासून आहे?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता झोपी गेले.

आणि मग तो आवाज सुरू झाला. कुशीवर झोपणाऱ्या माणसाच्या घशात तीस वर्षे काय साठले असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. भांड्यांच्या फळीवर वाट्या किणकिणल्या. मांजर उठून गॅलरीत गेले. आई आणि मी एकमेकींकडे पाहतो आहोत तोच जिन्यावर धावती पावले वाजली आणि दारात लेलेकाका उभे राहिले. हातात कप, आणि कपात पुन्हा गिलावा.

"अहो, काय चाललंय काय? बैठका का भरदुपारी? आणि परीक्षेचं काय झालं?"

आईने ओठांवर बोट ठेवले, बाजूला झाली आणि नुसते दाखवले.

लेलेकाकांनी पाहिले. चष्मा वर करून पुन्हा पाहिले. मग कप तिथेच उंबऱ्यावर ठेवून ते आल्या पावली, चवड्यांवर, मांजरीच्या पावलांनी जिना उतरून गेले. आई आत वळली, टोपलीतली सुकलेली लिंबे एकेक दाबून पाहू लागली, आणि ज्यांत अजून रस होता ती तिने वेगळी काढून ठेवली.